टीव्ही नवा आला म्हणून रिसीव्हरही बदलायचा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 2012 साली घेतलेला 7.1 चा रिसीव्हर, म्हणजे चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरकडे पाठवणारं, सात स्पीकर आणि एक सबवूफर वाजवू शकणारं यंत्र; त्यावर पाच स्पीकर आणि एक सबवूफर. गणपतीच्या आधी 65 इंची फोर-के टीव्ही घेतला. स्ट्रीमिंग स्टिक आणि सेट-टॉप बॉक्स पूर्वीसारखेच रिसीव्हरला जोडलेले, आणि रिसीव्हरमधून एकच केबल टीव्हीकडे. टीव्ही फोर-के असूनही चित्र फुल एचडीवरच अडतं. दिवाळीत मुलासाठी प्लेस्टेशन 5 येणार आहे. दुकानदार म्हणतो, रिसीव्हर 'एचडीएमआय 2.1'चा घेतला नाहीत तर टीव्हीचे पैसे पाण्यात (एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी जोडणी). दीड लाखाचं कोटेशन हातात दिलंय, त्यातून जुन्या रिसीव्हरचे चार हजार वजा. पुढच्या वर्षी हॉलचं काम काढायचंय, तेव्हा फॉल्स सीलिंगही होईल. तर आता बदलू का?

आत्ता बदलू नका. गेली बावीस वर्षं मी पुण्यात आणि आसपासच्या गावांत लोकांच्या हॉलमध्ये हीच कामं करतोय, आणि तुमच्यासारखी परिस्थिती असलेल्या दहांपैकी सात-आठ घरांत मी एक केबल इकडची तिकडे करून आणि तीन सेटिंग बदलून परत आलोय. तुमचा रिसीव्हर खराब झालेला नाही. तो चुकीच्या जागी उभा आहे, एवढंच. चित्राच्या वाटेत त्याला उभं करायची गरज आता उरलेली नाही.

आधी चित्र का अडलं ते सांगतो, म्हणजे दुकानदाराचं म्हणणं किती खरं आणि किती सोयीचं, हे तुम्हालाच ठरवता येईल.

2012 चा रिसीव्हर म्हणजे एचडीएमआय 1.4 च्या काळातला. ती आवृत्ती 2009 ची. तिच्यातून सेकंदाला 10.2 गिगाबिट माहिती जाते. फोर-के चित्र सेकंदाला 60 फ्रेम या वेगाने न्यायचं तर जवळजवळ 18 गिगाबिट लागतात, आणि ती सोय 2013 च्या 2.0 या आवृत्तीत आली. म्हणजे नळ लहान पडतो, हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. पण सिनेमा तर सेकंदाला 24 फ्रेमचाच असतो, आणि तेवढं फोर-के 1.4 मधूनही जाऊ शकतं. मग तुमच्याकडे सिनेमासुद्धा फुल एचडीतच का दिसतो? कारण अडचण नळाची नाही, कुलपाची आहे. फोर-के मजकुराला नक्कल रोखणारं एचडीसीपी 2.2 नावाचं कुलूप असतं. स्टिकपासून टीव्हीपर्यंत वाटेत जेवढी यंत्रं आहेत त्या प्रत्येकाकडे त्याची किल्ली लागते. तुमच्या टीव्हीकडे आहे, स्टिककडे आहे, मधल्या रिसीव्हरकडे नाही. स्टिक ते ओळखते आणि निमूटपणे फुल एचडी पाठवते. पडद्यावर चूक दाखवणारा संदेशही येत नाही, त्यामुळे दोष कुठे आहे ते घरच्यांना कळत नाही.

हा फरक मी मुद्दाम सांगतोय, कारण जोडणी जुनी झाली म्हणून यंत्र खरोखर निकामी झाल्याचे जे प्रसंग मी पाहिले, त्यांतले बहुतेक कुलपामुळे होते. ब्लू-रे प्लेअरच्या मागे लाल-हिरव्या-निळ्या पिनांचं कंपोनंट आउटपुट असायचं. अनेकांनी त्यावर चांगले प्रोजेक्टर लावले होते. परवान्याच्या नियमानुसार 2010 नंतर बनवलेल्या प्लेअरांत त्या पिनांवरून ब्लू-रेचं चित्र साध्या डीव्हीडीच्या दर्जावर आणून ठेवलं, आणि 2013 नंतर बनलेल्या प्लेअरांत तर ते बंदच केलं. तारा तशाच, प्रोजेक्टर उत्तम, तरी सगळं अडलं. त्या वेळी बदलण्याला पर्याय नव्हता. आज तुमच्यापुढे पर्याय आहे, आणि तो तुमच्या नव्या टीव्हीतच आहे.

टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या पोर्टांपैकी एकावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' असं लिहिलेलं असेल. ही आवाजाची परतीची वाट. त्या पोर्टात रिसीव्हरची केबल लावली की टीव्ही त्याच केबलमधून आवाज उलटा रिसीव्हरकडे पाठवतो. एआरसी ही सोय एचडीएमआय 1.4 सोबतच आली, त्यामुळे 2012 च्या बहुतेक रिसीव्हरांत ती असते. तुमच्या रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटपुटपाशी 'एआरसी' ही अक्षरं दिसतात का, तेवढं टॉर्च लावून पाहा. दिसली तर स्टिक रिसीव्हरमधून काढा आणि थेट टीव्हीला लावा. प्लेस्टेशन आलं की तेही थेट टीव्हीलाच. चित्र टीव्हीतच राहील, आवाज मागे येईल. कुलपाचा प्रश्न मिटला, नळाचाही मिटला, कारण आवाजाला लागणारी रुंदी चित्राच्या तुलनेत नगण्य असते.

सेट-टॉप बॉक्स मात्र होता तिथेच राहू द्या. एचडी बॉक्सचं चित्र 1080 ओळींचं असतं आणि जुन्या रिसीव्हरमधून ते सुखाने जातं. रिसीव्हरमधून टीव्हीला गेलेली एकच केबल दोन्ही कामं करते: बॉक्सचं चित्र पुढे नेते आणि टीव्हीचा आवाज मागे आणते. तुमच्या टीव्हीला तीनच पोर्ट असतील तर या मांडणीत एक पोर्ट वाचतो. पुढेमागे फोर-के सेट-टॉप बॉक्स घेतलात तर मात्र तोही टीव्हीलाच लावावा लागेल.

आता सेटिंग. लोक इथेच अडतात आणि मग 'एआरसी चालत नाही' म्हणून रिसीव्हरला दोष देतात. पहिली गोष्ट, दोन्हीकडे सीईसी, म्हणजे यंत्रांनी एचडीएमआयवरून एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू करायची. हे नाव टीव्हीच्या मेनूत सरळ सापडत नाही. सॅमसंग त्याला 'एनीनेट प्लस' म्हणतं, एलजी 'सिम्पलिंक', सोनी 'ब्राव्हिया सिंक'. रिसीव्हरच्या मेनूत 'एचडीएमआय कंट्रोल' असेल, आणि बऱ्याच मॉडेलांत त्याच्याखाली 'एआरसी' वेगळं चालू करावं लागतं. दुसरी गोष्ट, टीव्हीचं ध्वनी आउटपुट. ते बहुधा 'पीसीएम'वर असतं आणि मग एआरसीतून दोनच चॅनल येतात. मागचे स्पीकर गप्प. ते 'ऑटो' किंवा 'डॉल्बी डिजिटल'वर ठेवा. 'पास थ्रू' असा पर्याय असेल तर तुमच्या जुन्या रिसीव्हरवर तो आधी टाळा, कारण टीव्हीने न बदलता पाठवलेला डॉल्बी डिजिटल प्लस एआरसीवरून प्रत्येक जुना रिसीव्हर ओळखेलच असं नाही. तिसरी गोष्ट, ओठ आणि शब्द. आवाज लवकर आणि ओठ उशिरा हलत असतील तर रिसीव्हरच्या 'ऑडिओ डिले'ने काम होतं, पन्नास-साठ मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. आवाजच मागे पडत असेल तर रिसीव्हर काही करू शकत नाही, कारण न आलेला आवाज तो आधी कसा वाजवणार? तेव्हा टीव्हीच्या मेनूत डिजिटल आवाजाचा विलंब शून्यावर आणा आणि आवाजाचं आउटपुट बदलून पाहा.

रिसीव्हरला एआरसी नसलीच तर टीव्हीच्या ऑप्टिकल पिनेतून एक तार घ्या. सिनेमासाठी कानाला जवळपास तोच परिणाम मिळतो. फक्त रिमोट दोन होतात. घरात वडीलधारी माणसं असतील तर ही गोष्ट लहान समजू नका. टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त व्हायला हवा, नाहीतर महिनाभरात सगळे टीव्हीच्याच स्पीकरवर मालिका बघायला लागतात आणि तुमचे पाच स्पीकर शोभेला उरतात.

यात तुम्ही गमावता काय, हेही उघडपणे सांगायला हवं. एआरसी आणि ऑप्टिकलवरून तुमच्या रिसीव्हरला मिळणार साधा 5.1 डॉल्बी डिजिटल. ब्लू-रे डिस्कवर असतो तो काहीही न गाळता दाबलेला आवाज, म्हणजे डॉल्बी ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, या वाटेने जात नाही. त्यासाठी ईएआरसी लागते. ती 2017 च्या 2.1 आवृत्तीसोबत आली आणि तिची क्षमता सेकंदाला 37 मेगाबिटच्या घरात आहे. हा आकडा आला कुठून याचा हिशेब सोपा आहे: आठ चॅनल, दर चॅनलला सेकंदाला 1,92,000 नमुने, प्रत्येक नमुना 24 बिटांचा. गुणाकार करून पाहा, 36.8 मेगाबिट येतात. म्हणजे 7.1 चा उत्तमातला उत्तम आवाज एक बिटही न गाळता नेता यावा, एवढी ती वाट रुंद आहे.

पण तुमच्या घरात हा आवाज येतो कुठून? तुम्ही लिहिलंय की डिस्क आता कुणी लावत नाही, सगळं स्ट्रीमिंगवर. नेटफ्लिक्सवरचा अॅटमॉस (डॉल्बीची, डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत) आवाज जास्तीत जास्त 768 किलोबिटचा असतो, म्हणजे एका मेगाबिटच्याही आत. 37 मेगाबिटची वाट बांधायची आणि तिच्यावरून पाऊण मेगाबिटची गाडी न्यायची, असा प्रकार होईल. आणि अॅटमॉस तुमचा रिसीव्हर तसाही ओळखत नाही. घरगुती रिसीव्हरांत तो 2014 पासून आला. छतातून येणारा आवाज तुम्हाला मिळणार नाही, हे खरं. बाकी पाच स्पीकरांवर जो आवाज येईल त्यात तुमच्या हॉलमध्ये, पंखा चालू असताना, फरक ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

खरा फरक कशाने पडतो ते सांगतो. तुम्ही हॉलचा फोटो पाठवलात त्यात व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, एका बाजूला सरकत्या काचा, भिंती मोकळ्या, आणि मधला स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेला. संवाद नीट कळत नाहीत ही तुमची तक्रार तिथली आहे. मधला स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि बसलेल्या माणसाच्या कानाकडे थोडा वर कलता करा. सोफ्यासमोर जाड सतरंजी टाका. काचांना जाड पडदे लावा. याला पाच-सात हजार लागतील. मी हे आधी करायला सांगतो आणि लोक नाराज होतात, कारण त्यांना नवं यंत्र हवं असतं. पण संवाद ऐकू यायला हवा असेल तर पैसे आधी इथेच जायला हवेत.

प्लेस्टेशनचं आता. 'फोर-के, 120 फ्रेम' हे शब्द तुम्हाला ऐकवले गेले असणार. 2.1 आवृत्तीची 48 गिगाबिटची रुंदी प्रामुख्याने याच कामाला लागते. सिनेमा 24 फ्रेमचा, आपल्याकडचं क्रिकेटचं प्रक्षेपण 50 फ्रेमचं, फोर-के ब्लू-रेसुद्धा 60 च्या वर जात नाही. हे सगळं 18 गिगाबिटमध्ये बसतं. 18 च्या पुढची गरज व्हिडिओ गेमनाच पडते. प्लेस्टेशन थेट टीव्हीला लावलं की रिसीव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. पेटीत जी एचडीएमआय केबल येते तीच वापरा, ती अल्ट्रा हाय स्पीड दर्जाचीच असते. टीव्हीच्या चार पोर्टांपैकी 120 फ्रेम घेणारे बहुधा दोनच असतात, त्यांच्यावर '4के 120' असा आकडा छापलेला असतो, तिथेच लावा. काही टीव्हीत या दोनांपैकी एक पोर्ट म्हणजेच ईएआरसीचा पोर्ट. तुमचं एकच प्लेस्टेशन आहे, त्यामुळे तुम्हाला अडचण नाही. दोन गेमिंग यंत्रं असलेल्या घरात मात्र ही खरी अडचण होते. पोर्टची 'एन्हान्स्ड' किंवा तत्सम नावाची सेटिंग चालू करायला विसरू नका, नाहीतर टीव्ही त्या पोर्टाला जुन्याच वेगाने चालवतो. आणि प्लेस्टेशनच्या आवाजाच्या मेनूत 'लिनिअर पीसीएम' असतं ते बदलून 'बिटस्ट्रीम (डॉल्बी)' करा. पीसीएम ठेवलंत तर एआरसीवरून दोनच चॅनल येतील आणि मुलगा म्हणेल, मागून कुणी येतंय ते ऐकूच येत नाही.

'एचडीएमआय 2.1' या शब्दाबद्दल मात्र सावध करतो, कारण पुढे कधी रिसीव्हर घ्याल तेव्हा उपयोगी पडेल. या आवृत्तीतल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. परवाना देणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार 2.0 हे वेगळं नाव आता उरलेलं नाही, ते 2.1 चाच एक भाग धरलं जातं. त्यामुळे 18 गिगाबिटच्या वर न जाणाऱ्या यंत्रावरही '2.1' लिहिता येतं, आणि ते कायदेशीर असतं. खोक्यावरचा आकडा वाचून काहीच कळत नाही. दुकानात विचारायचं ते असं: किती इनपुट 40 गिगाबिट किंवा त्याहून जास्त घेतात? ईएआरसी आहे का? व्हेरिएबल रिफ्रेश रेट (गेमच्या फ्रेमप्रमाणे पडद्याचा वेग बदलण्याची सोय) पुढे जातो का? ही उत्तरं माहितीपुस्तिकेत छापलेली असतात. विक्रेत्याच्या तोंडून ऐकून समाधान मानू नका, पान उघडून बघा. 2020 मध्ये आठ-के क्षमतेचे म्हणून विकले गेलेले पहिल्या फळीतले काही जपानी रिसीव्हर घरी आल्यावर ठरावीक गेमिंग यंत्रं आणि ग्राफिक कार्डं यांच्याबरोबर 120 फ्रेमला काळा पडदा दाखवत. दोष आतल्या चिपमध्ये होता, नुसत्या सॉफ्टवेअरने सुटणारा नव्हता. कुणी मधे लावायचा डबा दिला, कुणी आतला बोर्ड बदलून दिला. ज्यांनी 'भविष्यासाठी' म्हणून सगळ्यात आधी घेतलं, त्यांनाच ते सोसावं लागलं. तेव्हापासून नवी जोडणी आली की पहिल्या वर्षी कुणालाच मी ती घ्यायला सांगत नाही.

एचडीएमआय 2.2 ची वाट पाहावी का, हाही प्रश्न हल्ली येतो. ती 2025 च्या जानेवारीत जाहीर झाली, रुंदी 96 गिगाबिट. तिच्यात चित्र आणि आवाज यांचा मेळ यंत्रांनीच आपापसात ठरवण्याची एक चांगली सोय आहे. पण 48 पुरत नाहीत असं तुमच्या घरात काही नाही, आणि लवकर येईल असं दिसतही नाही. तिच्यासाठी थांबायचं कारण नाही.

मग रिसीव्हर बदला असं मी कुणाला सांगतो? ज्यांच्याकडे डिस्कचा संग्रह आहे, किंवा डिस्कवरून उतरवलेले सिनेमे घरच्या सर्व्हरवर आहेत, त्यांना. त्यांच्याकडे तो काहीही न गाळलेला आवाज खरोखर आहे आणि चांगल्या स्पीकरवर तो ऐकूही येतो. ज्यांच्याकडे टीव्ही नसून प्रोजेक्टर आहे त्यांना, कारण प्रोजेक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि एआरसीची वाट त्याच्याकडे बहुधा नसते. तिथे सगळी यंत्रं रिसीव्हरलाच लावावी लागतात, आणि मग त्याच्याकडे कुलपाची किल्ली आणि 18 गिगाबिटचा नळ असायलाच हवा. ज्यांना छतात स्पीकर बसवायचेत त्यांना. आणि ज्यांची खोली वेडीवाकडी आहे त्यांनाही, कारण गेल्या दहा वर्षांत रिसीव्हरांमध्ये खरी सुधारणा झाली असेल तर ती खोलीचा आवाज मायक्रोफोनने मोजून दुरुस्त करण्यात. त्याबद्दल दुकानात फार कमी बोललं जातं, कारण ती खोक्यावर मोठ्या आकड्यात छापता येत नाही. यंत्रच आजारी असेल, म्हणजे वाजता वाजता टक् असा रिले पडून बंद होत असेल, किंवा एका चॅनलचा आवाज येत-जात असेल, तर आधी दुरुस्तीचा अंदाज घ्या. रिले आणि कपॅसिटर आजही मिळतात. एचडीएमआयचा जुना बोर्ड मात्र मिळत नाही.

त्या बोर्डाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट काळजीने सांगतो. दर वर्षी मे-जूनमध्ये, वळवाचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या की माझ्याकडे मेलेल्या एचडीएमआय पोर्टांची रांग लागते. वीज घरावर पडायची गरज नसते. गच्चीवरच्या डिशच्या किंवा केबलवाल्याच्या तारेतून धक्का सेट-टॉप बॉक्समध्ये येतो, तिथून एचडीएमआयने रिसीव्हरमध्ये, तिथून टीव्हीत. एका तारेने तिन्ही यंत्रांचे पोर्ट जातात. स्पाइक गार्डचा इथे उपयोग होत नाही, कारण धक्का विजेच्या प्लगमधून येतच नाही. ढग गडगडायला लागले की बॉक्सच्या मागची डिशची तार फिरवून काढून ठेवा, आणि घराचं अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यंत्र चालू असताना एचडीएमआयच्या पिना काढू-घालू नका. आणि पोर्ट गेला म्हणून रिसीव्हर भंगारात काढू नका. आतला अँप्लिफायर, ऑप्टिकल, सगळं जिवंत असतं. माझ्या एका ग्राहकाचा रिसीव्हर एचडीएमआय जाऊन सहा वर्षं झाली, आजही ऑप्टिकलवर 5.1 वाजतोय. कोकणात आणि गोव्यात विजेपेक्षा खारी हवा जास्त नुकसान करते. तिथे रिसीव्हर ठीक असतो आणि स्पीकरच्या कडेचा फोम विरलेला किंवा तारांच्या टोकांना हिरवट थर चढलेला असतो. दर पावसाळ्यानंतर टोकं सोलून नव्याने कसली तरी आवाज उघडतो.

चार हजाराच्या 'एक्स्चेंज'बद्दल. तुमच्या रिसीव्हरमधला ट्रान्सफॉर्मर आणि अँप्लिफायर आज त्या किमतीत कुणी बनवून देणार नाही. स्पीकर वाजवायचं काम 2012 मध्ये जसं होतं तसंच आजही आहे. त्यात जोडणीची आवृत्ती येत नाही. नवा घेतलात तरी जुना विकू नका, दुसऱ्या खोलीत दोन स्पीकरवर लावा.

राहिलं तुमच्या हॉलचं काम. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलात. दीड लाख यंत्रात घालण्यापेक्षा पुढच्या वर्षी त्यातले दहा-पंधरा हजार भिंतीत आणि छतात घाला. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. 2014 मध्ये एका बंगल्यात प्रोजेक्टरसाठी 12 मीटरची एचडीएमआय मी पाइप न घालता थेट प्लास्टरमध्ये पुरली. त्या वेळी फुल एचडी उत्तम चालायचं. तीन वर्षांनी त्यांनी फोर-के प्रोजेक्टर आणला आणि पडदा दर मिनिटाला काळा व्हायला लागला. केबल 18 गिगाबिटची नव्हतीच. भिंत फोडणं शक्य नव्हतं, शेवटी नवी तार स्कर्टिंगच्या कडेने पट्टीत घालून नेली. इतक्या सुंदर खोलीत ती पांढरी पट्टी मला आजही टोचते.

तांब्याची साधी एचडीएमआय 18 गिगाबिटला पाच-सात मीटरपर्यंत भरवशाची, 48 गिगाबिटला तीन ते पाच मीटर. त्यापुढे आत काचेचे तंतू असलेली ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी लागते. तिला दिशा असते, एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' छापलेलं असतं, उलटी ओढली तर काहीच चालत नाही. तिच्यातून ईएआरसी येते का हे घेण्याआधी खोक्यावर पाहा, सगळ्यांतून येत नाही. तुमच्या टीव्ही ते रिसीव्हर अंतराला, दोन-तीन मीटरला, 'अल्ट्रा हाय स्पीड' लेबलची साधी केबल पुरते. त्या लेबलवरचा कोड मोबाइलने स्कॅन करून ती खरी आहे का ते तपासता येतं. सोन्याचा मुलामा, चांदीची तार, याला जादा पैसे देऊ नका. केबलवर '2.1' छापलेलं असेल तर त्यालाही अर्थ नाही, केबलला आवृत्ती नसते, वेगाचा दर्जा असतो.

गवंड्याला आणि इलेक्ट्रिशियनला एवढंच सांगा. टीव्हीच्या मागून रिसीव्हरच्या कप्प्यापर्यंत विजेच्या तारांपासून वेगळा, 40 मिलिमीटरचा पाइप. 20 आणि 25 च्या पाइपात तार जाते पण एचडीएमआयचं डोकं अडकतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही. वळणाला काटकोनी एल्बो नको, लांब गोलाईचा बेंड. फॉल्स सीलिंग होण्याआधी बसायच्या जागेच्या थोडं पुढे आणि थोडं मागे, दोन्ही बाजूंना, अशा चार ठिकाणी स्पीकरच्या तारा आणून सोडा. दीड चौरस मिलिमीटरची दोन-कोर तांब्याची तार पुरते. स्पीकर आज घेऊ नका, टोकं गुंडाळून छतात ठेवा आणि त्यांच्या जागांचे मोबाइलवर मोजपट्टी धरून फोटो काढा. दोन वर्षांनी अॅटमॉसची हौस आली तर तेव्हाचा रिसीव्हर घ्या, तो आजच्यापेक्षा चांगला आणि बहुधा स्वस्त असेल, आणि छत फोडावं लागणार नाही.

आणि 40 चा पाइप बसला की तो रिकामा सोडू नका, आत नायलॉनची एक दोरी दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवायला लावा. पुढची जी कुठली केबल येईल ती त्या दोरीला बांधून ओढता येईल.